गाडी जाते म्हणून

“अहो, तुमची गाडी जाते की त्या रस्त्यानं,” रस्ते खात्याचे साहेब म्हणाले. “मी स्वतः बसून आलोय. पोटातलं पाणी हललं नाही.”

पिकअपवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांपेक्षा त्याला स्वतःचाच संताप जास्त आला. उन्हाळ्यात पाहणीसाठी साहेबांना डोंगरावरच्या आपल्या वस्तीवर नेणारा तोच शहाणा होता. रिकामी पिकअप दगडधोंड्यांत टणाटण उडते. मागे वजन असलं की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि गाडी जमिनीला धरून चालते. म्हणून पाहुणा असला की मागच्या हौद्यात वाळूची पोती टाकायची, ही वस्तीची जुनी रीत. त्या दिवशी त्यानं पोती रचली, सीटवर घरातली नवी गादी अंथरली, एकेक खड्डा चुकवला. पाहुण्याला त्रास नको ना! आणि साहेबांनी खाली उतरून शेरा मारला, की रस्ता वाहतुकीस योग्य आहे.

त्यानं पोत्यांचं सगळं सांगून टाकलं. आता पावसानं उरलासुरला रस्ताही धुऊन नेलाय, पोत्यांनीही भागत नाही, एकदा रिकाम्या गाडीतून चला, अशी विनवणी केली. साहेब हसले. यंदाचा पक्का रस्ता दुसरीकडे मंजूर झाला होता. अशा जुन्या दणकट गाड्या आहेत तोवर तुम्हाला कसली चिंता, असं वर कौतुकही केलं. कौतुक कसलं, जखमेवर मीठच ते.

रस्ता हवा होता तो ताईसाठी. थोरली बहीण, नवरा गेल्यावर याच्याकडेच राहायची. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे. परत आली की अंग ठेचल्यासारखी पडून राही, आणि जरा उठून बसते तोवर पुन्हा जायची वेळ. चुकवलं तर थोडेच दिवस, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

घरी आल्यावर बायकोनंही त्याला सोडलं नाही. “साहेबाला गादी घातलीत,” ती म्हणाली, “आता निस्तरा.”

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन तो निघाला. पहिला उतार संपतो तिथे गाडी आदळली, आणि ताईनं त्याचा दंड धरला.

“थांब. मागे घे, घरी चल.”

“ताई, काय बोलतेस? डॉक्टर काय म्हणाले, ठाऊक आहे ना?”

“आहे. आजार सोसला रे मी. हा रस्ता नाही सोसवत.”

त्यानं समजावलं, रागावला, शेवटी हातही जोडले. ताई समोरच्या काचेतून बघत राहिली. तो खाली उतरला. साहेबाला, खात्याला, रस्त्याला तोंडाला येईल ते बोलला. मग बॉनेटवर दाणकन मूठ आपटली.

“एकदा, साहेब बसला त्या दिवशी तरी बंद पडायचं होतंस.”

ताईनं आतून हाक मारली. तो येऊन बसला. गाडी वळवायला तिथे जागा नव्हती. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. त्यानं रिव्हर्स टाकला, मान मागे वळवली आणि क्लचवरचा पाय हळूच उचलला. जिथे पायी माणूस घसरतो, तो अख्खा चढ म्हातारी पिकअप एका दमात उलटी चढून गेली.