सहाशे मीटरवर एक वीत

"पुन्हा उजवीकडेच!" लेकीने बंदूक टेबलावर ठेवली. "बाबा, शंभर मीटरवर पाचही गोळ्या जवळपास एकाच भोकात. सहाशेवर गेलं की पाचही एक वीत उजवीकडे."

"वारा असेल."

"पान तरी हलतंय का?"

मिस्त्रींनी बंदूक पुन्हा हातात घेतली. क्लबातल्या बंदुकांवर दुर्बिणी बसवायचं काम ते तीस वर्षं करत होते आणि सकाळपासून ही एकच दुर्बीण त्यांच्या डोक्याला ताप झाली होती. दुर्बीण धरणाऱ्या कड्या बदलून झाल्या, स्क्रू आलटूनपालटून सारखे आवळून झाले, तिसऱ्यांदा सगळं उतरवून बसवलं. लेकीची संघासाठीची निवड-चाचणी तीन वाजता होती, तीही सहाशेवरच. बाळंतपणात दोन वर्षं गेली होती. या खेपेला नाव आलं नाही तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

"मला दुर्बिणीतली नेमाची फुली कलंडलेली दिसते," ती म्हणाली.

"तुझी मान कलंडते. पोर सारखं एका खांद्यावर घेतेस, दुसरं काय होणार?"

ते तिच्या जिव्हारी लागलं. तेवढ्यात फोन वाजला. घरून आई विचारत होती, दूध संपलंय, बाळाला पेज भरवू का? "भरव ना गं, मला काय विचारतेस!" असं खेकसून तिने फोन ठेवला आणि लगेच तिला वाईट वाटलं.

"ओळंबा लावू या, बाबा."

"ओळंबा गवंड्याला लागतो. मला डोळे आहेत."

तिने ऐकलं नाही. पंचवीस मीटरवरच्या चौकटीला दोरी बांधली, खाली जडसा नट अडकवला आणि तो हलू नये म्हणून पाण्याच्या बादलीत सोडला. बंदूक शिकंज्यात धरली, पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला. मग दुर्बिणीतून पाहिलं. ती बाजूला झाली.

मिस्त्रींनी डोळा लावला. फुलीची उभी तार दोरीला कापून उजवीकडे झुकली होती.

"दोरी वाकडी आहे."

"दोरी? अहो, लोंबणारी दोरी वाकडी कशी असेल?" तिला हसू आलं आणि रडूही.

त्यांनी पुन्हा पाहिलं. मग त्यांना कळेना की ही इतकी उघड चूक आपल्याला बसवताना दिसली कशी नाही. लेक त्यांच्या मागे उभी राहिली. दोन्ही तळवे तिने त्यांच्या कानांवर ठेवले आणि बाळाचं डोकं उचलावं तितक्या हलक्या हाताने त्यांचं डोकं सरळ केलं. त्यांच्या मानेत कळ उठली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पट्टा दिला होता. तो त्यांनी आठ दिवस वापरून टाकून दिला होता. वाकून वाकून मान उजव्या खांद्याकडे गेली होती आणि त्यांच्यापुरतं तेच सरळ झालं होतं.

"जवळ कळत नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "लांबच्यासाठी नेम उचलायची वरची चकती फिरवली, की नेम तिरप्या तारेवरूनच वर चढतो आणि गोळी उजवीकडे जाते."

"आता कड्या सैल करा. मी सांगते तेवढंच फिरवायचं."

त्यांनी मुकाट्याने केलं. "थोडं. अजून थोडं. बस्स!" ती सांगत होती, ते आवळत होते.

शंभरवर नेम पुन्हा जुळवून ती सहाशेवर गेली. पाच गोळ्यांपैकी चार मधोमध होत्या. पाचवी खाली डावीकडे.

"ती चूक माझी," ती म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. "येते बाबा. तीनला पंधरा मिनिटं आहेत."

ती गेल्यावर मिस्त्री कार्यालयात आले. गेल्या महिन्यात, लांबवर नेम चुकतो म्हणून त्यांनीच बसवलेल्या दुर्बिणीची तक्रार घेऊन आलेल्या क्लबातल्या दातांच्या डॉक्टरांना त्यांनी चार लोकांसमोर सुनावलं होतं, डॉक्टर, हात थरथरतो तुमचा, हा खेळ सोडा. डॉक्टर त्यानंतर फिरकले नव्हते.

त्यांनी नंबर लावला.

"डॉक्टर, मी मिस्त्री. नाही, तक्रार नाही. तुमचा हात चांगला आहे. बंदूक घेऊन या, माझ्याकडून चूक झालीय."

पलीकडून काही विचारलं गेलं.

"हो, माझ्याचकडून," ते म्हणाले आणि रिसीव्हर कानाशी तसाच धरून त्यांनी दुर्बिणी बसवून दिलेल्यांच्या वहीतला पुढचा नंबर शोधायला घेतला.