एक तास बारा मिनिटं जास्त

कंचनने फळ्यावर मोठी फुली मारली आणि आकडे मांडले. डावीकडे वर पाच, उजवीकडे वर दहा, मधोमध आठ.

"माणूस काही अंतर पायी गेला, ताशी पाच किलोमीटर. उरलेलं सायकलवर, ताशी दहा. ऐंशी किलोमीटर दहा तासांत, म्हणजे सरासरी आठ. आता तिरपी वजाबाकी. दहातून आठ गेले?"

"दोन."

"आठातून पाच?"

"तीन."

"पायी आणि सायकल, दोनास तीन. ऐंशीचे पाच भाग करा, दोन भाग पायी. किती झाले?"

"बत्तीस," अख्खा हॉल एका सुरात म्हणाला. दुसऱ्या पर्यायात बत्तीसच होते. कंचनने त्याभोवती गोल काढला आणि तिला जरा हायसं वाटलं.

स्पर्धापरीक्षांच्या क्लासमधल्या डेमोचा आज तिसरा आणि शेवटचा दिवस होता. पाटण्यात मास्तर निवडतात ती पोरंच. तीन दिवस फुकट शिकवायचं, मग कितीजण नाव नोंदवतात ते बघायचं. साठ नावं आली तर गिरिजानंदन सरांची बॅच कंचनची, नाहीतर कोट्याहून येऊ घातलेल्या कुणा सरांची. संस्थेचे मालक मनोरंजनबाबू नावाला जागणारे नव्हते. साठ म्हणजे साठ, एकोणसाठ नाही, हे त्यांनी तिला चहासुद्धा न विचारता सांगितलं होतं. घरून बाबांनीही मुदत दिली होती. छठपूजेपर्यंत काही जमलं नाही तर भागलपूरला परत यायचं, आणि पुढचं ते बघतील. पुढचं म्हणजे काय ते कंचनला ठाऊक होतं; मुलाचा फोटोही येऊन पडला होता.

गिरिजानंदन सर शेवटच्या बाकावर बसले होते. बावीस वर्षं ओरडून ओरडून त्यांचा घसा गेला होता. डॉक्टरांनी तीन महिने तोंडातून शब्द काढायला बंदी केली होती, म्हणून गळ्याला गमछा आणि मांडीवर लहान पोरांची पाटी. त्यांच्या मिश्रणाच्या वहीची झेरॉक्स गल्लीतल्या प्रत्येक खोलीत सापडते. आताही समोरच्या दोनशे पोरांपुढे तीच उघडी होती. सायकलचं गणित वहीच्या शेवटच्या तीन पानांतलं. आजारपणात पडल्यापडल्या त्यांनी ती पानं वाढवली होती.

"मॅडम, एक विचारू?"

तिसऱ्या बाकावरची रुखसार. दोन दिवस ती काहीच बोलली नव्हती, नुसती लिहीत होती.

"विचार ना."

"बत्तीस किलोमीटर ताशी पाचने चालायला किती वेळ लागेल?"

"सहा तास चोवीस मिनिटं."

"आणि उरलेले अठ्ठेचाळीस सायकलवर?"

"चार तास अठ्ठेचाळीस."

"मिळून अकरा तास बारा मिनिटं झाली. गणितात तर दहाच तास दिलेत." रुखसारच्या बोलण्यात कुरापत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

कंचनने फळ्याच्या कोपऱ्यात बेरीज केली. अकरा तास बारा मिनिटं. पुन्हा केली. तेवढीच.

"पंक्चर झालं असेल, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही रे, वाटेत लिट्टी खायला थांबला."

"एवढा वेळ? पोरगी बघायला गेला असेल."

हॉल हसला. कंचनही हसली. तिने फुली पुसली, पुन्हा मारली. वजाबाकी तीच, दोनास तीन. मग तिने शाळेतल्या साध्या रीतीने करून पाहिलं. पायी क्ष तास धरले, सायकलवर दहा वजा क्ष. उत्तर आलं वीस किलोमीटर. पहिल्या पर्यायात वीसही होते. आता फळ्यावर दोन उत्तरं शेजारीशेजारी उभी होती आणि दोन्ही तिला खरी वाटत होती.

फुली कधी चुकत नाही. तांदळात चुकली नाही, दुधात नाही, साखरेच्या पाण्यात नाही. ही फुली तिला याच हॉलमध्ये सरांनी शिकवली होती, त्या फुलीच्या जोरावर ती दोन परीक्षांत मुलाखतीपर्यंत पोहोचली होती. म्हणजे चूक तिचीच. कुठेतरी आकडा उलटा लिहिला गेलाय. तिने वहीचं पान काढलं, बोट ठेवून वाचलं. आकडे बरोबर होते. खाली सरांच्या वळणदार अक्षरात सूचना होती: फुली मारा, अंतर वाटा. सरांच्या वहीत चूक असेल हे तिच्या डोक्यातच शिरेना. ती आपल्याच बेरजेकडे संशयाने बघत राहिली.

मागच्या बाकांवर कुजबूज वाढली. एकदोघांनी वह्या दप्तरात भरल्या. दारात मनोरंजनबाबू येऊन उभे राहिले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि हाताने खूण केली, आटपा.

असं अडलं तर काय करायचं हेही सरांनीच सांगून ठेवलं होतं. "बबुनी," ते लाडाने म्हणत, "मास्तर कधी अडकत नाही. नुसतं हसायचं आणि म्हणायचं, हे घरून करून आणा." कंचनने हसू चेहऱ्यावर आणलं.

"हे गणित आपण..."

"रविवारी माझा रेल्वेचा पेपर आहे, मॅडम," रुखसार म्हणाली. "आलं तर मी काय लिहू?"

मला माहीत नाही, हे तीन शब्द तिच्या ओठांशी येऊन परत गेले. तिने फळ्याकडे तोंड फिरवलं, निदान चेहरा तरी लपेल म्हणून. डाव्या कोपऱ्यात सकाळचं पहिलं गणित पुसायचं राहून गेलं होतं. चाळीस रुपये किलोचा तांदूळ, साठ रुपये किलोचा तांदूळ, मिश्रण पंचेचाळीसला. तीनास एक. तीन किलो, एक किलो.

किलोला भाव. म्हणून उत्तर किलोत.

ती तिथेच थांबली. इथे तर तासाला पाच, तासाला दहा. मग दोनास तीन हे तास आहेत. चार तास पायी, सहा तास सायकलवर. वीस आणि साठ. ऐंशी.

क्षणभर तिला इतका आनंद झाला की पाठीमागे हॉल आहे हेच ती विसरली. मग वळली, आणि तिला शेवटचा बाक दिसला.

"वीस बरोबर आहे," ती घाईघाईने म्हणाली. "चूक माझी झाली. मी वही नीट वाचली नाही."

दोनशे झेरॉक्सची पानं सळसळली. रुखसारने ओळीवर बोट ठेवलं.

"पण वहीत तेच लिहिलंय, मॅडम. अंतर वाटा."

आता कुणी हसत नव्हतं. पोरं एकदा पानाकडे, एकदा तिच्याकडे बघत होती, आणि मागे वळून बघायची मात्र कुणाची छाती होत नव्हती. हो म्हणावं तर बावीस वर्षांच्या माणसाला त्याच्याच हॉलमध्ये खाली मान घालायला लावायची. नाही म्हणावं तर या पोरीचा रविवार जाणार.

शेवटच्या बाकावर एक हात वर झाला. मग सरांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या बाकावर दिली. तिथून ती पुढे सरकली. ज्या बाकावर पाटी पोहोचे तिथली पोरं वाचत आणि हळूच पुढे देत. रुखसारने ती वाचली, ओढणीने कड पुसली आणि उठून कंचनच्या हातात दिली.

पाटीवर लिहिलं होतं: मॅडम, मलाही समजलं नव्हतं. पहिल्यापासून सांगाल?

सहा वर्षांत त्यांनी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

कंचनने पाटी टेबलावर उभी ठेवली आणि फळा वरपासून खालपर्यंत पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लावला. दारातले मनोरंजनबाबू काहीतरी बोलणार होते, पण कडेच्या पोराने सरकून जागा केली आणि ते बाकावर टेकले.

तिने तांदूळ मांडले, शेजारी सायकल मांडली. आता तिचा आवाज स्थिर होता.

"तांदळाच्या गणितात आपण किलो मिसळले. मग मला सांगा, या सायकलच्या गणितात आपण काय मिसळतोय?"

उत्तर बहुतेकांना आलं होतं, तरी सगळे थांबून राहिले. मग शेवटच्या बाकावरून, डॉक्टरांनी बंदी केलेल्या त्या फाटक्या आवाजात, एकच शब्द आला.

"तास."

"बरोबर," कंचन म्हणाली, आणि तिने तो फळ्यावर लिहिला.