वीज नसलेला पट्टा

तुमच्याशी बोलतोय तो मी, डोक्याला बांधायचा एक पट्टा. दोन ओले स्पंज, दोन वायरी आणि साबणाच्या वडीएवढी डबी, एवढाच माझा देह. कपाळावरून मेंदूला हलकीशी वीज दिली तर मंदावलेली बुद्धी तरतरीत होते का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. आमच्यातल्या निम्म्या पट्ट्यांतून खरी वीज जायची. उरलेल्यांतून सुरुवातीला जराशी चुणचुण व्हायची, मग वीज बंद. मी त्या उरलेल्यांतला. कुणाच्या वाट्याला कुठला आला, हे चाचणी संपेपर्यंत सांगायचं नव्हतं.

मी गेलो एका दुभाषीबाईंकडे. कोर्टात साक्षीदार बोलत असतानाच त्या त्याचं बोलणं न्यायाधीशांच्या भाषेत सांगत. मग त्यांच्या मज्जातंतूंवरचं वेष्टण झिजू लागलं. पाय लटपटले, ते त्यांनी काठीवर निभावून नेलं. पण एक वाक्य तोंडात असताना पुढचं कानातून निसटू लागलं, तेव्हा त्यांनी मोठी रजा टाकली.

रोज सकाळी त्यांचे बाबा माझे स्पंज मिठाच्या पाण्यात बुडवायचे. "काकडीला मीठ लावल्यासारखं वाटतं मला," ते म्हणायचे.

"गुपचूप बांधा हो," बाई हसायच्या.

मग मला कपाळावर घेऊन त्या आकडे उलटे म्हणायच्या, शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवायच्या. चुकलं की मूठ आवळून पुन्हा पहिल्यापासून. बाबा बातम्या वाचायचे, त्या मागोमाग दुसऱ्या भाषेत सांगायच्या. आधी अडखळत, मग कमी अडखळत. पुढे त्या कोर्टात गेल्या आणि एक अख्खी साक्ष पार पाडून आल्या. चपलाही न काढता मला हातात घेतलं नि म्हणाल्या, "तू होतास म्हणून."

तेव्हा मला वाचा असती तर!

चाचणी संपल्यावर दवाखान्यातल्या संशोधक मुलीचा फोन आला. आडपडदा न ठेवता ती म्हणाली, "तुमच्या पट्ट्यात वीज नव्हती. हवं तर आता खरा उपचार देऊ."

बाबा मोठ्याने हसले. "म्हणजे नुसतंच मीठपाणी!"

लेकीने सगळं स्वतःच्या बळावर केलं, या आनंदात हसले होते ते. पण बाईंचा चेहरा पडला.

"म्हणजे मला बरं वाटलं, तेही नुसतंच वाटलं."

"अगं, तसं नाही. ती साक्ष तर तूच..."

"समजूत काढू नका, बाबा."

त्यांनी खरा उपचार नाकारला. आकडे, शब्द, बातम्या, सगळं सोडलं. कोर्टाचं बोलावणं आलं, तर तब्येत बरी नाही म्हणाल्या. पुढच्या वेळीही तेच. मग बोलावणी यायची थांबली. त्या घरी बसून यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करू लागल्या. छापलेलं वाक्य पळून जात नाही. बाबांच्या मनाला ते हसणं इतकं लागून राहिलं, की लेकीसमोर थट्टामस्करी करायचीच त्यांनी सोडून दिली. मी कपाटावर पडून हे सगळं पाहत होतो.

मग मला परत नेलं. डबीची मांडणी बदलली. आता माझ्यातून खरी वीज जाते, एका सुतारदादांच्या कपाळात. त्यांना थोडा फरक पडलाय म्हणतात. त्यात माझा वाटा किती नि त्यांचा किती, कोण सांगणार?

पण त्या घरातलं मात्र मला पक्कं ठाऊक आहे. काठी टेकत चालणाऱ्या त्या दुभाषीबाई कुठे भेटल्या, तर त्यांना एवढं सांगा. माझ्यातून काहीच वाहत नव्हतं. जे परत आलं होतं, ते त्यांचं त्यांनीच ओढून आणलं होतं.