अबू मशहूरचा शब्द

"व्यायली? कधी? काय सांगतोस, जुळी! अरे मग त्या काळीला आधी लांब बांध, ती बया तुडवेल पिल्लांना!"

वर्ग चालू होता. उस्ताद हाझिम फळ्यावर धडा लिहीत होता, आणि तिसऱ्या बाकावर बसून अबू मशहूर रानात मेंढ्यांमागे असलेल्या आपल्या मुलाशी मोबाइलवर बोलत होता. मोबाइल कानाला लावला की डोकं दुखतं अशी त्याची समजूत. म्हणून तो हातभर लांब धरायचा, आणि लांब धरल्यामुळे आणखी ओरडायचा.

"जुळी झाली!" फोन बंद करून त्याने आम्हाला बातमी दिली. जसं काही आम्ही बहिरेच होतो!

मग काय विचारता! मुबारक हो, मुबारक हो सुरू झालं. मुफ्लिह बेकरीवाल्याने नर की मादी ते विचारलं. त्यावरून अबू मशहूरला तीस वर्षांपूर्वीची एक मेंढी आठवली, तिच्यावरून एक उंट आठवला, आणि उंट आठवला की तो माणूस तासभर थांबत नसे. वाळवंटी पोलिसात उंटावर बसून त्याने उभी हयात काढलेली. गोष्टी मात्र झकास सांगायचा, खोटं कशाला बोलू? आम्ही निम्मे लोक अक्षरांसाठी यायचो आणि निम्मे त्याच्या गोष्टींसाठी. मी दोन्हींसाठी.

मी अय्यादा. पाण्याचा टँकर चालवतो. डोक्याने जरा तापट आहे, हे गावात कुणीही सांगेल. गावच्या शाळेत तिसरीच्या वर्गात दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की आम्हा बाप्यांचा साक्षरता वर्ग भरायचा. बाकं पोरांची, त्यामुळे आमचे गुडघे हनुवटीला लागायचे. उस्ताद हाझिम इर्बिद शहरातला, सव्वीस-सत्तावीसचा, दाढी नुकती धरू लागलेली. सकाळी त्याच खोलीत तिसरीच्या पोरांना शिकवायचा आणि दुपारी आम्हाला. पोरगा जीव तोडून शिकवायचा, पण आम्हाला आवरता आवरता त्याच्या नाकी नऊ यायचे. एकदा त्याने वर्गाचे नियम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर डकवले. बोलू नये, मध्येच उठू नये, फोन बंद ठेवावा. आम्ही कौतुकाने बघत राहिलो. अहो, वाचता आलं असतं तर तिथे कशाला गेलो असतो!

तर त्या दिवशी उंट पाणवठ्यापर्यंत पोचला आणि उस्तादचं डोकं फिरलं. डस्टर टेबलावर आपटून तो ओरडला,

"कोपऱ्यात उभे राहा! तोंड भिंतीकडे!"

सवयीने बोलला तो, शपथेवर सांगतो. तीच खोली, तोच डस्टर, सकाळी दहा वेळा तोंडात येणारं तेच वाक्य. बोलून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला. पण सुटलेलं वाक्य काही परत येत नाही.

अबू मशहूर उठला. सत्तरी उलटली तरी ताठ. अंगावरचा झगा सारखा केला आणि हळू आवाजात म्हणाला,

"त्या कोपऱ्यात माझा नातू उभा असतो, उस्ताद. जागा त्याचीच राहू दे."

आणि गेला. त्याच्या मागून त्याचे चुलत, मावस, आते, सगळे उठले. गावात त्याच्या नात्यात कोण नाही? माझी बायको त्याच्या चुलतभावाची मुलगी, म्हणून मीही उठलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात कुत्रं फिरकलं नाही. मी एकटा गेलो, तोही शिव्या द्यायला.

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "तो माणूस इथे कशासाठी येतो ठाऊक आहे का तुला? निम्मं कुराण त्याला ऐकून ऐकून पाठ आहे. पण पान उघडलं की त्याला नुसत्या मुंग्या दिसतात. या रमजानात स्वतःच्या डोळ्यांनी बघून वाचायचं म्हणून तो या वयात पोरांच्या बाकावर बसतो. आणि तू त्याला कोपरा दाखवतोस?"

उस्ताद रिकाम्या बाकावर मटकन बसला.

"मग मी करू काय, अय्यादाकाका? मोठ्यांना कसं शिकवावं याचं दोन दिवस ट्रेनिंग दिलं आम्हाला. आवाज चढवू नका म्हणाले. तुमच्या गावात आवाज नाही चढवला तर माझंच मला ऐकू येत नाही! वर्ग बंद पडला तर वर काय तोंड दाखवू? आणि रमजानच्या आधी तर कोर्सच संपतोय."

पोरगा रडकुंडीला आला होता. मला राग येतो लवकर आणि जातोही लवकर, काय करणार! म्हटलं, चल ऊठ. वाटेत मुफ्लिहला दुकानातून ओढला, आणि उस्तादला काय काय करायचं ते पढवत आम्ही अबू मशहूरच्या दारात गेलो.

म्हाताऱ्याने आम्हाला बसवलं, उशा दिल्या, स्वतःच्या हाताने वेलदोड्याची कॉफी ओतली. उस्तादने चिमुकला पेला घेतला आणि ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने असा पेला खाली ठेवला की मागणं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि पाहुणा न पिता उठला तर घरधन्याची चारचौघांत शोभा.

यजमानाने आधी विचारावं, काय हवं? पण विचारेल तर तो अबू मशहूर कसला! दिलदारपणा दाखवायची एवढी संधी तो सोडतो होय?

"ज्यासाठी आलास ते झालं समज, बाळा," तो म्हणाला. "पी."

मागणं न ऐकताच दिलं! मी आणि मुफ्लिहने सुटकेचा श्वास टाकला. आता उस्तादने एवढंच म्हणायचं होतं की काका, वर्गात परत या. वाटभर तेच घोकून घेतलं होतं ना आम्ही!

"काका, वर्गात परत या," उस्ताद म्हणाला. इथे थांबला असता तर! पण आदल्या दिवशीचा ताप डोक्यातून गेला नव्हता, आणि मागू ते मिळतंय म्हटल्यावर हावरटपणा सुचला. "आणि कोर्स संपेपर्यंत वर्गात तोंड उघडायचं नाही."

मुफ्लिहची जपमाळ थांबली. माझ्या तोंडून शिवी निघता निघता राहिली. अबू मशहूरचा किटली धरलेला हात तसाच राहिला.

"दिलं," तो म्हणाला. "पी आता. गार होतेय."

आणि त्या दिवसापासून त्या माणसाने वर्गात चकार शब्द काढला नाही.

बाकी सगळं नेमाने. वेळेवर यायचा, तिसऱ्या बाकावर बसायचा, फोन घरी ठेवायचा. दाराबाहेर पायरीवर उंट, मेंढ्या, तहसीलदार, सगळ्यांचा समाचार चालू असायचा. गोष्ट अर्धी असली तर ती संपेपर्यंत आम्हाला पायरीवर ताटकळत ठेवायचा. पण उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. उस्तादने "काका, हे वाचा" म्हटलं की फळ्याकडे बघायचा, उस्तादकडे बघायचा, आणि ढिम्म बसायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी उस्ताद म्हणाला, "काका, वाचायला माझी हरकत नाही." म्हातारा नुसता हसला. तोंड उघडायचं नाही म्हणजे नाही. त्यात अर्धंमुर्धं त्याला कळत नसे.

वर्ग शांत झाला, हे खरं. वरून तपासायला आलेले साहेब तर खूश होऊन गेले. असा शिस्तीचा वर्ग आपण कुठे पाहिला नाही म्हणाले. पण तुम्हाला सांगतो, मेल्या घरात बसल्यासारखं वाटायचं. मुफ्लिहला विनोद सुचेनात. दोघंचौघं यायचे बंद झाले. आणि आम्ही अडखळत, चुकत, एकमेकांची टर उडवत वाचायला शिकत होतो, तेव्हा ज्याला सगळ्यांत जास्त शिकायचं होतं तो पुस्तकातल्या ओळीवरून मुकाट बोट फिरवत होता. बरोबर वाचतोय की चूक, कोण सांगणार त्याला?

"घरी नातवाकडून पाठ करून घे की," मी एकदा पायरीवर म्हटलं.

"त्याच्यासमोर अडखळू? आजोबा आहे मी त्याचा."

"मग मोड तो शब्द! पोरगा आहे तो, रागात बोलला."

"अय्यादा, तू जावई म्हणून ऐकून घेतो," तो म्हणाला. "चार माणसांत दिलेला शब्द मी कसा मोडू? ज्याने मागून घेतला त्याने चार माणसांत परत द्यावा." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. वर्गाबाहेर एवढ्या हळू बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. "जन्मभर लोकांच्या तोंडून ऐकलं रे मी ते पुस्तक. एकदा स्वतः वाचायचं होतं. राहिलं बहुतेक."

मी उठलो. तसाच उस्तादकडे गेलो.

"परत दे त्याचा शब्द."

"सगळ्यांसमोर? चुकलो म्हणून?" उस्ताद खाली बघत म्हणाला. "काका, मला झोप येत नाही हो. पण तुम्हा सगळ्यांत वयाने मीच लहान. एवढ्या माणसांपुढे एकदा मान खाली घातली की मला कोण जुमानणार? उद्या खडू उचलायचीही सोय राहणार नाही."

मला चीड आली आणि कीवही आली. खरं तर त्याचंही चूक नव्हतं. आम्ही लोक काही साधे नाही.

कोर्सचा शेवटचा आठवडा आला. त्या दिवशी उस्ताद वर्गात आला तो कुणाशी न बोलता. पुस्तक उघडलं नाही. फळ्याकडे वळला आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत एक ओळ लिहिली. मग अबू मशहूरकडे बघून म्हणाला,

"काका, हे वाचा."

रोजचंच झालं होतं ते, म्हणून कुणी मान वर केली नाही. अबू मशहूर फळ्याकडे बघू लागला. त्याचं बोट बाकावर सरकू लागलं. मीही सहज वाचायला घेतलं. पहिला शब्द लागला, काका. दुसऱ्याशी झटापट केली. तिसरा लागला तसा मी सावरून बसलो.

'काका, शब्द परत घ्या. चूक माझी होती.'

पोराने बरोबर जागा शोधली होती. चार माणसांत म्हणाल तर चार माणसांत, आणि वाचता येईल त्यालाच कळेल असं. आमच्यात बिनचूक वाचणारे होते किती? मी शेजारी पाहिलं. मुफ्लिह ओठ हलवत होता.

"काका... काका काय?" तो पुटपुटला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

अबू मशहूरचं बोट ओळीच्या शेवटाला पोचलं, परत पहिल्या शब्दाकडे आलं, आणि पुन्हा सावकाश शेवटपर्यंत गेलं. उस्ताद खडू धरून उभा होता. म्हाताऱ्याने आता फक्त मोठ्याने वाचायचं होतं. एवढ्या महिन्यांनी पहिली ओळ, तीही अशी! सगळ्या गावाला दाखवता आलं असतं की आपल्याला वाचता येतं.

त्याने घसा खाकरला.

"उस्ताद," तो म्हणाला, "डोळे साथ देत नाहीत बघ. हे काही मला लागत नाही. पुसून टाक, आणि दुसरं सोपं काहीतरी लिही."

"बोलला! म्हातारा बोलला!" मुफ्लिह बाकावरून उठलाच. "अरे पण बोलला तो काय बोलला! एवढे दिवस बाक झिजवला आणि 'काका'सुद्धा वाचता येईना!"

सगळा वर्ग खो खो हसला. म्हाताऱ्याला रमजानात पान धरायला कुणाची शिकवणी लावायची यावर मागच्या बाकांवर थट्टा सुरू झाली. मी तेवढा हसलो नाही. त्या खोलीत तोंड उघडायला त्याला मोकळीक मिळाली होती ती फळ्यावरच्या ओळीने, आणि ती ओळ शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तो माणूस मेला असता तरी बोलला नसता. मोठ्याने वाचली असती तर उस्तादची मान सगळ्यांपुढे खाली गेली असती.

उस्तादला हे कळलं होतं. तो आमच्याकडे पाठ करून फळा पुसत होता. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी पुसत होता. आणि अबू मशहूर, ज्याच्या उंटाला कुणी लंगडा म्हटलं तरी अंगावर धावून जायचा तो अबू मशहूर, तिसऱ्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि लोकांना हसू देत होता.