जाळीपलीकडचा धाकटा

फुटबॉल लीगच्या मंडळाने सोळा संघांचे दोन गट पाडले, पूर्व आणि पश्चिम, आणि हद्द म्हणून नदी धरली. कारण काय, तर संघांचा प्रवास वाचावा. आता बघा, ज्या दोन मैदानांमध्ये पुलावरून बसने पंधरा मिनिटं लागतात, ते दोन संघ पुढच्या मोसमापासून एकमेकांशी खेळणारच नाहीत. असली अक्कल कुठून आणतात कोण जाणे.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एकाने ही बातमी फोनवर वाचली ती एका सहा मजली इमारतीच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात बसून डबा खाताना. त्याचा घास हातातच राहिला. तो नदीअलीकडच्या संघाचा. पलीकडच्या संघाचा पाठीराखा त्याचा धाकटा भाऊ, आणि दोघं भेटायचे ते वर्षातून दोनदाच, या दोन संघांच्या सामन्यांना.

चौदा वर्षांपूर्वी आई गेली. धाकट्याला कळवायला थोरल्याने उशीर केला. आई दोन दिवस तरी तग धरेल असं त्याला वाटलं होतं. धाकटा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मग दोघं एकमेकांना नको नको ते बोलले आणि येणंजाणं तुटलं. धाकटा पलीकडे सासऱ्यांच्या बेकरीत पाव भाजायचा. या घरजावयाने सासरची बेकरी घेतली ती घेतली, टीमसुद्धा सासरचीच घेतली, असं थोरला चिडून म्हणायचा. म्हणायचा तरी कुणाला? घरात तो एकटाच होता.

पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळं बसवायला स्टँडमध्ये लोखंडी जाळी असते. आई गेल्यानंतरच्या मोसमात थोरला त्या जाळीला टेकून बसला होता, आणि पलीकडे बघतो तर हा.

"तुमचा गोलकीपर झोपलाय," धाकटा मैदानाकडे बघत म्हणाला.

"तुमचे फॉरवर्ड अंगाई गातायत, मग काय करेल बिचारा?" थोरला म्हणाला.

तेव्हापासून तीच रीत पडली. बोलायचं ते फक्त मॅचबद्दल. ख्यालीखुशाली कळायची तीही त्यातूनच. "तुमचा कॅप्टन माझ्यासारखा धापा टाकतोय, त्याचीही साखर वाढली असणार," असं धाकटा म्हणाला, तेव्हा भावाला मधुमेह झाल्याचं थोरल्याला कळलं. पुतणीचं लग्न झाल्याचं कळलं ते रेफरीला शिव्या देताना. मॅचच्या त्या दोन दिवसांवर थोरला अख्खं वर्ष काढायचा. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते लोक.

क्लबच्या कॅन्टीनमध्ये पाठीराख्यांची सभा भरली. कुणी खालच्या श्रेणीत घसरण्याचा हिशेब मांडला, कुणी मॅचच्या वेळा बदलतील म्हणून तावातावाने बोललं. थोरला घसा खाकरून उभा राहिला. "पलीकडच्यांशी मॅच राहिली पाहिजे," एवढंच त्याला म्हणता आलं.

"अरे, आठ वर्षं सडकून मार खातोय त्यांचा. सुटलो म्हण की," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले. तोही हसला आणि खाली बसला. मंडळाला पाठवायच्या फॉर्मवर हरकतीचं कारण लिहायचं होतं. त्याने बराच वेळ पेन चावलं आणि शेवटी लिहिलं, 'गैरसोय होते.'

हरकती फेटाळल्या गेल्या. शेवटची मॅच अलीकडच्याच मैदानावर होती. आठवडाभर थोरला लिफ्टच्या खड्ड्यात एकच वाक्य म्हणून बघत होता. मॅच संपत आली तरी ते तोंडातून निघेना. त्याचा संघ त्या दिवशी जिंकत होता, शेजारचा माणूस त्याला मिठी मारून नाचत होता, आणि याचं कशातच लक्ष नव्हतं.

"रविवारी घरी येतोस?" त्याने एकदाचं विचारलं.

धाकट्याने मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने मैदानाऐवजी भावाकडे नीट पाहिलं. "कशाला?"

"असंच. चहाला."

धाकटा रागावला नव्हता. उलट त्याचा चेहरा मऊ पडला. "येईन रे दादा," तो म्हणाला, "पण मॅच नसली तर आपण बोलायचं काय?"

बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. शिट्टी झाली. पाहुण्यांना आधी बाहेर सोडायची पद्धत होती, म्हणून पलीकडचं फाटक उघडलं. धाकटा जरा थांबला, जाळीतून दोन बोटं आत घालून त्याने थोरल्याच्या दंडाला टोचलं आणि गर्दीबरोबर निघून गेला.

अलीकडच्यांना दहा मिनिटं जागेवरच बसवून ठेवायचे. सगळे गाणी म्हणत होते. पलीकडच्या खुर्च्या पार रिकाम्या झाल्या, तेव्हा थोरला जाळीला तोंड लावून म्हणाला, "आईच्या वेळी मी लगेच फोन करायला हवा होता. चुकलं माझं."