माझ्यात धाकटी नाही

मी कॅनव्हास बोलतोय. जाडसर सुती कापडाचा, चार हात रुंद, मागून लाकडी चौकट ठोकलेला. अंगावर रंग चढले म्हणून लोक मला चित्र म्हणतात, आणि चित्र म्हटलं की लगेच विचारतात, "हे कशाचं?" पडद्याला असं कुणी विचारत नाही. स्वतःच्या शर्टावरच्या चौकड्या कशाच्या आहेत, हे तर माणसानं जन्मात कुणाला विचारलेलं नसतं. मला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

मला दुकानातून आणलं ते थोरलीनं. तिची आई तिला थोरली म्हणायची, म्हणून नवराही तेच म्हणायचा. दुपारपर्यंत ती शाळेत भूगोल शिकवायची आणि जेवण आटोपलं की मागच्या बंद केलेल्या बाल्कनीत माझ्यासमोर येऊन उभी राहायची. अमूर्त चित्र काढायचं म्हणजे डोळे मिटून रंग फेकायचे, अशी पुष्कळांची समजूत आहे. थोरलीनं माझ्यावर कधी काही फेकलं नाही. उलट वाटीभर रंग कालवून ती इतका वेळ नुसती बघत बसायची, की रंगावर साय धरायची.

सुरुवातीला मी राखाडी होतो. मग पिवळा झालो. मग तिनं तो पिवळा भिंतीला लांबी भरायच्या पत्र्यानं खरवडून काढला, आणि मला तोंड भिंतीकडे करून उभं केलं. त्या अवस्थेत माझे दोन महिने गेले. माझ्या पाठीवर ओले टॉवेल वाळत घातले जायचे. कलेच्या सेवेत असंही असतं.

नवऱ्याचं औषधाचं दुकान होतं. जगातला प्रत्येक रंग त्यानं बाटलीत पाहिलेला. एकदा त्यानंच मला सरळ केलं आणि म्हणाला, "हा कसा खोकल्याच्या औषधासारखा दिसतोय."

"कोणत्या?"

"लहान मुलांच्या."

"मग मोठ्यांचा करते," म्हणाली आणि तिनं रुंद पट्टीनं माझ्या मध्यावर केशरी ओढला. त्या दुपारी ती फार खुशीत होती. शाळेला सुटी लागली होती, तोंडात कोरडा टोस्ट होता आणि रंग तिचं ऐकत होता. केशरीच्या बाजूला पिवळा परत आला. पण तो खाली सांडतोय असं तिला वाटायला लागलं. पिवळ्याला कुठंतरी अडवायला हवं होतं. तिनं डाव्या खालच्या कोपऱ्यात जांभळट रंगाचा एक ठोकळा बसवला, चार पावलं मागं गेली, पुढं आली, ठोकळा बोटभर वर सरकवला, पुन्हा मागं गेली. दिवेलागणीच्या सुमारास म्हणाली, "झालं." इतकंच. ना ती रडली, ना तिला कुणाची आठवण आली. मी समोरच होतो.

शेजारच्या बाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "असं तर आमचा नातूही काढेल." असं म्हणणारे पुष्कळ भेटले मला. त्यातल्या एकानंही नातवाला कधी कॅनव्हास आणून दिल्याचं ऐकलं नाही.

मग एक कलादालन चालवणारे गृहस्थ घरी आले. पांढरे कपडे, हळू आवाज, बोलताना मान एका बाजूला. थोरलीची दहाबारा चित्रं त्यांनी पाहिली आणि माझ्यापाशी थांबले.

"याचं नाव काय?"

"नाव नाही ठेवलेलं."

"ताई, लोक आधी पाटी वाचतात. पाटी आवडली तर चित्राकडे बघतात." मग आवाज आणखी खाली आणून त्यांनी विचारलं, "घरात काही घडलं होतं का? आजारपण? कुणी गेलं?"

"माझी धाकटी बहीण गेली. पण त्याला खूप वर्षं झाली."

दालनवाल्यांचा चेहरा एकदम समाधानी झाला. हरवलेली किल्ली सापडावी तसा. "अच्छा," ते म्हणाले, "म्हणजे ते मुरलंय आत." थोरली काही बोलणार होती, तेवढ्यात त्यांनी प्रदर्शनाची तारीख सांगितली. अशा तारखेची वाट ती लग्नाआधीपासून बघत होती. बोलायचं राहून गेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी समोरच्या भिंतीवर, अंगावर स्वतंत्र दिवा घेऊन. शेजारी पाटी: 'धाकटीनंतर'. थोरलीनं ती वाचली आणि तिचं तोंड उतरलं. ती दालनवाल्यांकडे निघाली, पण वाटेत एका वर्तमानपत्राच्या कलासमीक्षकांनी गाठलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हा जांभळा... सहन होत नाही." त्यांच्या मागून आणखी लोक आले. सगळे हळू बोलत होते. ज्यांनी तिच्या चित्रांकडे इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांचे डोळे पाणावलेले. केशरी म्हणजे ताप, पिवळा म्हणजे दवाखान्यातला दिवा, हे एकमेकांना समजावून सांगणं सुरू होतं. एक बांधकाम व्यावसायिक माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी मला आपल्या नव्या ऑफिसच्या स्वागतकक्षासाठी पक्कं करून टाकलं. दुःख त्यांना सोफ्याच्या मापात बसलं होतं.

आणि थोरली? ती "हो... हो ना..." म्हणत राहिली. मला तिचा राग आला असता, पण अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या चित्रासमोर थांबलं होतं.

तेवढ्यात नवरा आपल्या सासूबाईंना, म्हणजे थोरलीच्या आईला, घेऊन आला. काठी टेकत त्या सावकाश आल्या, लेकीचं नाव दारावर बघून खूश होत्या. माझ्यापाशी आल्या, वाकून पाटी वाचली आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

मग सरळ होऊन त्यांनी माझ्याकडे बघायला सुरुवात केली. तसं मला तोवर कुणी पाहिलं नव्हतं. वरून खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गर्दीत आपलं माणूस शोधावं तसं. काठी जावयाकडे दिली, जवळ आल्या, पुन्हा मागं गेल्या.

"थोरले, यात ती कुठं आहे गं?"

दालनवाले लगबगीनं पुढं झाले. "हा खालचा जांभळा, आजी. ती निघालीय, बघा."

आईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. कोपऱ्यातल्या त्या ठोकळ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग ओशाळून लेकीला म्हणाल्या, "मला दिसत नाहीये. नंबर वाढला असेल का माझा?"



"तुझा चष्मा ठीक आहे, आई," थोरली म्हणाली. "ती यात नाही."

"मग लिहिलंय ते?"

थोरलीनं नखानं पाटीचा कोपरा उचकटला आणि पाटी ओढून काढली. भिंतीचा थोडा रंगही सोबत निघाला. दालनवाले दबक्या आवाजात "ताई, अहो ताई" करत होते. बांधकामवाल्यांनी विचारलं, "बहीण नाही, तर मग यात आहे काय?"

"केशरी आहे," ती म्हणाली. "पिवळा आहे. तो खाली सांडू नये म्हणून जांभळा ठेवलाय. अजून काही नाही."

"एवढंच?"

"एवढ्यालाच चार महिने लागले."

त्यांनी घड्याळ बघितलं. मला नेण्याचं त्यांनी रद्द केलं, आणि त्यांच्या ऑफिसात पुढं समुद्रात बुडणाऱ्या सूर्याचं चित्र लागलं असं ऐकलं. त्यात काय आहे हे विचारावं लागत नाही. दालनवाल्यांनी थोरलीला पुन्हा बोलावलं नाही. समीक्षकांची मात्र कमाल. लेख तयार होता, बहीण तीन परिच्छेदांत पसरलेली. तो त्यांनी फेकला नाही. नवऱ्यानं घरी वर्तमानपत्रातून मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा कळलं, आता मी 'दुःख नाकारण्याचं दुःख' झालो होतो. बाकी मजकूर तोच.

मी तोवर घरी परत आलो होतो, पुन्हा बाल्कनीत. एका दुपारी आई काठी टेकत आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. थोरली ब्रश धूत होती.

"ती पाटी तू लावली नव्हतीस ना?"

"नाही. पण वाचल्या वाचल्या काढलीही नाही. लोक चांगलं बोलत होते."

"मी आले नसते तर?"

थोरलीनं नळ बंद केला. ब्रश फडक्याला पुसले. "तर राहिली असती," म्हणाली.

आईंनी मान हलवली. रागावल्या होत्या की नाही, मला कळलं नाही. माझा अभ्यास रंगांचा. मग म्हणाल्या, "माझी लेक काय लोकांच्या भिंतीवर टांगायला गेली नव्हती." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हे काढताना तुझ्या मनात काय होतं?"

"काही नाही. केशरी जरा जास्त होतोय, एवढंच."

"खुशीत होतीस?"

"खूप."

"मग माझ्या खोलीत लाव."

तेव्हापासून मी आईंच्या पलंगासमोर आहे. दुपारचं ऊन माझ्या उजव्या बाजूनं चढतं आणि केशरीपाशी येऊन रेंगाळतं. आई बघत पडून असतात. कधी म्हणतात, आज पिवळा बरा दिसतोय. वरच्या कडेला हिरव्याची बारीक रेघ आहे, ती त्यांना आवडत नाही, आणि हे त्या लेकीला तोंडावर सांगतात. थोरलीही "बरं" म्हणते आणि रेघ तशीच ठेवते. धाकटीचा फोटो दुसऱ्या भिंतीवर आहे. तिची आठवण आली की आई तिकडे कूस वळवतात. आम्हा दोघांची कामं वेगळी आहेत.

माणसं येतात, खुर्ची ओढतात, माझ्याकडे अंगठा करून विचारतात, "हे कशाचं हो?" मग माझ्या आजूबाजूला पाटी शोधतात, ती नसली की खिशातला फोन काढतात. तुम्हीही कधी आलात तर माझी एकच विनंती आहे: आवडलो नाही तर खुशाल तसं सांगा, पण माझ्यात मेलेलं माणूस शोधू नका.

आई तर काही समजावत बसत नाहीत. आतल्या खोलीकडे "थोरले, पाहुणे आलेत" अशी हाक देतात आणि पाहुण्यांना म्हणतात, "बसा. चहा होईपर्यंत बघा जरा."