दिसलो का?

"काकू, हा माणूस शेवटी हात का वर करतो?"

अभिनवने व्हिडिओ थांबवला आणि खुर्ची वळवून सुलेखाकडे पाहिलं.

पडद्यावर काळ्या समुद्रापुढे एक पांढरा माणूस उभा होता. थर्मल दुर्बिणीला रंग कळत नाहीत, फक्त ऊब कळते. थंड ते काळं, गरम ते पांढरं. माणसाचा चेहरा सगळ्यात पांढरा, जाकीट राखाडी, उजवा हात सरळ डोक्याच्या वर आणि छातीच्या मधोमध नेमाची बारीक फुली.

"सवय होती त्यांची," सुलेखा म्हणाली.

"कालच्या पाहुण्यांना वाटलं सरेंडर करतोय. एकजण हसून म्हणाला, तुमचं टार्गेट तर आधीच शरण आलंय." अभिनवलाही हसू आलं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते आवरलं. "डेमोमध्ये ते बरं नाही ना दिसत. हात वर व्हायच्या आधीच कट करतो मी. ग्रँट उद्या एक्झिबिशनला निघतोय, आज पाचपर्यंत फायनल द्यायचंय."

"तेवढं राहू दे ना रे."

"का पण?"

याला काय सांगायचं, हा प्रश्नच होता. अभिनव मुलगा चांगला. लांबच्या रोटोटुना गावातलं स्वतःचं घर भाड्याने देऊन या नोकरीसाठी बायकोमुलासकट इथे लोअर हटला आलेला, डब्यातली भाजी आग्रहाने वाढणारा. पण तो आला तेव्हा व्हिडिओतले रमणराव वारून दोन महिने झाले होते. त्याच्या लेखी पडद्यावरचा पांढरा आकार म्हणजे 'टार्गेट'. फाइलचं नावही तेच होतं.

सुलेखा या कंपनीत लागली तेव्हा कंपनी कसली, सीव्ह्यूच्या तेलाच्या टाक्यांमागे एक पत्र्याची शेड होती. मालक ग्रँट, त्याचा मेहुणा आणि चार-पाच माणसं. हरणांच्या शिकाऱ्यांसाठी, सशांनी बेजार झालेल्या शेतकऱ्यांसाठी आणि डोंगरात माजलेल्या रानटी शेळ्या टिपणाऱ्यांसाठी तिथे बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी बनायच्या. नवरा गेल्यानंतर घरात बसून वेड लागेल म्हणून तिने ही नोकरी धरली आणि इथेच रुळली. शेवटची तपासणी तिच्याकडे होती. तिने डोळा लावून 'ठीक' म्हटल्याशिवाय एकही दुर्बीण खोक्यात जात नसे.

आणि खोकी रमणराव भरत. मूळचे डोंबिवलीचे, जन्म ड्रॉइंग ऑफिसात काढलेले. बायको वारल्यावर मुलाकडे आले, मग मुलगा पर्थला गेला आणि हे इथेच राहिले. पुन्हा बिऱ्हाड उचलायचा कंटाळा आला, असं ते सांगायचे. मुलाने या म्हटलं होतं की नाही, हे सुलेखाने कधी विचारलं नाही.

दुर्बीण तपासायची तर लांबवर काहीतरी जिवंत, गरम हवं. शेडच्या मागच्या दारापासून समुद्राच्या भिंतीपर्यंत खडीचं मोकळं मैदान होतं, कडेला हरकेकेची झुडपं. सकाळी उजाडता उजाडता, जमीन गार असताना, रमणराव त्या भिंतीपर्यंत चालत जायचे आणि वळून उजवा हात वर करायचे. म्हणजे, दिसलो का? सुलेखा स्टँडवरच्या दुर्बिणीतून पाहायची आणि टॉर्च लावायची. एकदा लावला की दिसलात, या परत. दोनदा लावला की थांबा, अजून नीट दिसत नाही. त्यांना तेवढ्या लांबून ती दिसायचीच नाही, नुसता टॉर्च दिसायचा. ही रीत त्या दोघांनीच पाडली. ग्रँटला पहिल्यांदा हसू आलं, नंतर त्याने विचारायचंच सोडून दिलं.

असं आठ-नऊ वर्षं चाललं. सुलेखाने रमणरावांना समोरासमोर जितकं पाहिलं नसेल तितकं त्या भिंतीपाशी पाहिलं होतं. डावा पाय किंचित ओढत चालायचे, थंडीत नाक तेवढं काळं पडायचं. एकदा परत आल्यावर ती म्हणाली होती, "रमणराव, चहा घेऊन गेला होतात."

"छे, कुठला चहा?"

"हातात पांढरा गोळा दिसत होता. आणि कपाच्या उबेचा डाग अजून भिंतीवर आहे."

"म्हणजे आता तुमच्यापासून काही लपवायची सोय नाही तर." आणि साखर बंद झालेली असूनही चोरून गोड चहा प्यायल्याची कबुली देत ते ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून तिने घरून बिनसाखरेच्या चहाचा थर्मास आणायला सुरुवात केली. त्यापलीकडे काही नव्हतं. मंडळाच्या गणपतीत भेटले तर ते तिला 'सुलेखाबाई' म्हणत आणि लोकांसमोर दोन हात लांब उभे राहत. माणसं बोलायला कमी करत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिचीही एक सवय होती. फुली त्यांच्यावर कधी ठेवायची नाही. शेजारच्या दगडावर ठेवायची आणि माणूस बाजूला बघायचा. दुर्बिणीला बंदूक नव्हती, नुसता स्टँड होता, तरीही.

मग जगात लढाया वाढल्या आणि इकडे ऑर्डरी वाढल्या. शेळ्या मागे पडल्या. शेडला वरचा मजला चढला, दारं उघडायला कार्डं आली, पुढे काचेचं रिसेप्शन आलं. ग्रँट केस नीट कापून यायला लागला. गेल्या वर्षी तो म्हणाला, लष्करी गिऱ्हाइकाला हरीण दाखवून चालायचं नाही, माणूस दिसलेला दाखवायला हवा. चालताना, वाकताना, झुडपाआड लपताना, पळताना. रमणराव करतील का?

रमणराव नाही कशाला म्हणतील? सकाळी बूट आवळताना त्यांनी फक्त विचारलं, "कोणासाठी म्हणे हे?"

"आर्मीसाठी. कुठल्या ते नाही सांगत."

ते जरा वेळ लेस तशीच धरून बसले. "शेळीला बिचारीला कळत नाही हो, आपण कोणाला दिसतोय ते. मला कळतं, म्हणून मी हात करतो." मग उठले. "आज जरा जास्त वेळ वर ठेवतो."

"रमणराव, ग्रँटला फुली मधोमध हवीय. छातीवर."

"ठेवा की. तुम्हीच आहात ना मागे."

ते चालले, वाकले, हरकेकेमागे लपले, ओढत्या पायाने धावलेसुद्धा. सुलेखाने फुली त्यांच्या छातीवर धरून ठेवली. शेवटी ते भिंतीपाशी वळले आणि हात वर करून नुसते उभे राहिले. इतका वेळ, की ग्रँट मागून म्हणाला, "इज ही ऑलराइट?" तिने घाईने टॉर्च लावला तेव्हा कुठे हात खाली आला.

त्यानंतर लवकरच भिंतीपाशी गरम होणारी लोखंडी पाटी उभी राहिली. माणसाच्या आकाराची, बटण दाबलं की तापणारी. रमणराव दिवसभर आतच खोकी भरायला लागले. सकाळी भेटले की म्हणायचे, "माझी नोकरी त्या पाटीने खाल्ली." हसत म्हणायचे. एका सोमवारी ते आले नाहीत. ग्रँटने घरी जाऊन पाहिलं तर खुर्चीत होते. हृदय थांबलं होतं. मुलगा पर्थहून आला, सगळं उरकून अस्थी घेऊन गेला. स्मशानातल्या हॉलमध्ये सुलेखा कंपनीच्या लोकांबरोबर शेवटच्या रांगेत बसली. रडण्याचा हक्क पुढच्या रांगेचा होता. तिने घरी येऊन थर्मास धुतला आणि वरच्या फळीवर ठेवला. पामर्स्टन नॉर्थला शिकणाऱ्या लेकीला, अनुष्काला, फोन केला, तर ती म्हणाली, "दॅट्स सो सॅड, मम. वर यू क्लोज?" सुलेखा म्हणाली, "नाही गं. कामावरचे होते."

तिच्याकडे त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. काढायचं कारणच कधी पडलं नाही.

"काकू?" अभिनव अजून उत्तराची वाट पाहत होता.

"ते सरेंडर नाही रे," ती म्हणाली. "ते मला विचारत होते, दिसलो का म्हणून. रोज विचारायचे. मी इकडून टॉर्च लावायचे."

अभिनवने खुर्ची वळवली. त्याने पडद्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट. "म्हणजे हे आपले... तुम्ही सांगता ते रमणकाका?"

"हो."

"मला कोणी बोललंच नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "थांबा, मी ग्रँटला विचारतो."

ग्रँट आला, दारातच उभा राहिला, ऐकून घेतलं. तोही वाईट माणूस नव्हता. "ही वॉज अ गुड ब्लोक, सुलेखा," तो म्हणाला आणि खरंच क्षणभर खाली बघत राहिला. मग त्याने सांगितलं की विकत घेणाऱ्याला हात वर केलेला माणूस दाखवता येत नाही. शरण आलेल्यावर नेम धरलाय असं दिसतं, आणि ते कोणालाच बघवत नाही. हात नसला तर काही हरकत नाही. "सॉरी," असं म्हणून तो गेला. जिन्यावरून त्याचा फोनवरचा आवाज आला, "येप, स्वीट ॲज," म्हणजे सगळं झकास.

हात नसला तर काही हरकत नाही. सुलेखाला हसावं की रडावं कळेना.

"मी एक करू शकतो," अभिनव हळू आवाजात म्हणाला. "ओरिजिनल सर्व्हरवर राहील. डिलीट नाही करणार."

"मला देशील त्याची कॉपी? तेवढाच शेवटचा तुकडा."

त्याने आधी दाराकडे पाहिलं. "डिफेन्स प्रोजेक्ट आहे काकू. बिल्डिंगच्या बाहेर फाइल गेली तर माझी नोकरी जाईल. आणि त्या फोल्डरला तुमचं कार्ड चालत नाही."

"राहू दे मग. तुझं लेकरू लहान आहे."

ती तिथेच बसून राहिली. त्याला वाटलं असेल उठेल, पण ती उठली नाही, म्हणून त्याला तिच्यादेखतच कापावं लागलं. त्याने आधी एकदा पूर्ण चालवून दाखवलं. माणूस भिंतीपाशी गेला, वळला, हात वर गेला आणि कितीतरी वेळ वरच राहिला. मग त्याने कट केलं. आता माणूस भिंतीपाशी जात होता, वळत होता, खांदा जरासा उचलत होता आणि तिथून पुन्हा पहिल्यापासून चालायला लागत होता. फुली कुठेच सुटत नव्हती.

संध्याकाळी खाली केक कापला. ऑर्डर पक्की झाल्याचं ग्रँटने सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुलेखानेही वाजवल्या, केकचा तुकडा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. निघताना रिसेप्शनवरून गेली तर मोठ्या पडद्यावर नवा व्हिडिओ सुरू झाला होता. रमणराव चालत होते, डावा पाय ओढत. समोरच्या सोफ्यावर कुरिअरवाला फोन बघत बसला होता.

ती परत फिरली. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात टॉर्च अजून होता. मागचं दार तिच्या कार्डाने अजून उघडत होतं.

जून महिना, इथला ऐन हिवाळा, साडेपाचलाच उजेड सरत आला होता. दक्षिणेकडचा बोचरा वारा समुद्रावरून सरळ अंगावर येत होता. पाटी बंद होती. मैदान, भिंत आणि पलीकडचं पाणी, सगळं एकाच रंगाचं झालं होतं, आणि नुसत्या डोळ्यांना तिकडे कोणी असलं-नसलं तरी कळलं नसतं. त्या व्हिडिओच्या दिवशी, शेवटच्या वेळी, तिने घाई केली होती. त्यांना अजून उभं राहायचं होतं आणि तिनेच परत बोलावलं होतं.

तिने हात लांब करून टॉर्च लावला, विझवला आणि पुन्हा एकदा लावला. मग तो विझवून, वाऱ्याने आपटू नये म्हणून दार खांद्याने धरून, भिंतीकडे बघत उभी राहिली.